तालीम कोणाची? : ‘बनगरवाडी’ आणि स्वावलंबनाचा प्रश्न

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपाने आली. तिच्याविषयी आजवर जे लिहिले गेले त्याचा मोठा भाग शैलीविषयी आहे. मोजके शब्द, माणदेशी बोलीचा नेमका वापर, भावनेला कुठेही न दिलेली मोकळीक. दुसरा भाग नायकाविषयी आहे. या कादंबरीचा नायक कोणी एक माणूस नाही, वाडी हीच नायक आहे, हे विधान आपल्याकडे इतके रुळले आहे की विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतही ते हमखास सापडते. दोन्ही निरीक्षणे खरी आहेत. तरीही या वाचनात एक प्रश्न बाजूला राहिला, असे मला वाटते. बाहेरून आलेला, संस्थानचा पगार घेणारा एक पोरसवदा मास्तर आणि आपल्या चालीने चालणारी धनगरांची वस्ती, यांच्यात जे घडते त्याला काय म्हणायचे?

आजच्या विकासक्षेत्राकडे यासाठी तयार शब्द आहेत. मास्तर जे करतो ते ‘समुदाय संघटन’, वाडी जे करते तो ‘लोकसहभाग’, आणि दोघे मिळून तालीम उभी करतात ते ‘स्वयंसहाय्य’. प्रस्तुत लेखात मी हे शब्द कादंबरीला लावून पाहणार आहे. त्याहीपेक्षा, कादंबरी या शब्दांना लावून पाहणार आहे. कारण ग्रामविकासाविषयीचे मराठी लेखन, म्हणजे संस्थांचे अहवाल, कार्यकर्त्यांची आत्मकथने आणि गावांच्या यशोगाथा, वाचताना मला सतत जाणवत आले आहे की या लेखनात गाव बदलते, पण गाव आणि बाहेरचा माणूस यांच्यातले नाते कसे घडले, कुठे तुटले, कुणाला महागात पडले, हे क्वचितच कळते. ते सांगण्याचे काम एका लहानशा कादंबरीने सत्तर वर्षांपूर्वी करून ठेवले आहे.

१

कादंबरीच्या प्रकाशनाचे वर्ष योगायोगाचे असले तरी अर्थपूर्ण आहे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला. गावाने स्वतःचा विकास स्वतः करावा, सरकारने साह्य करावे, आणि दोघांना जोडणारा ग्रामसेवक गावपातळीवर असावा, अशी त्यामागची कल्पना होती. १९५५ साली हा कार्यक्रम भरात होता. त्यानंतर दोनच वर्षांनी बलवंतराय मेहता समितीने त्याचा आढावा घेतला. कार्यक्रमाला लोकांचा स्वतःचा पुढाकार जागा करता आलेला नाही, असा तिचा निष्कर्ष होता. त्यातून पंचायत राज्याची शिफारस झाली आणि महाराष्ट्रात १९६१च्या कायद्याने जिल्हा परिषदा व पंचायत समित्या आल्या.

म्हणजे समितीला जो पुढाकार गावोगाव शोधून सापडला नाही, तो ‘बनगरवाडी’त एका मास्तराभोवती उभा राहिलेला दिसतो. मास्तराकडे निधी नाही, योजना नाही, वरून आलेला आराखडा नाही. मग त्याच्याकडे होते काय?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी कादंबरीची भूमी पाहिली पाहिजे. माडगूळकरांचे माडगुळे हे गाव औंध संस्थानच्या आटपाडी भागातले, आणि कादंबरीतल्या वाडीवरही औंधच्याच राजाची सत्ता आहे. हे संस्थान बहात्तर गावांचे. आकाराने लहान, पण त्याचा राजा विलक्षण होता. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते, आणि सूर्यनमस्कारांचे कट्टर प्रचारक होते. किर्लोस्करवाडी उभी राहिली ती त्यांनीच दिलेल्या जमिनीवर. जानेवारी १९३९मध्ये त्यांनी आपले अधिकार सोडून प्रजेला स्वराज्याची राज्यघटना दिली. तिच्या घडणीत गांधीजी, पंतांचे चिरंजीव आप्पासाहेब आणि पोलंडहून भारतात आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचा हात होता. पाया गावपंचायतीचा. गावाने पंच निवडायचे, पंचायतींच्या प्रमुखांतून तालुक्याचे मंडळ आणि तालुक्यांतून संस्थानचे विधिमंडळ. गावकीचे तंटे गावातच मिटावेत अशी न्यायाची सोय. आणि गांधीजींचा आग्रह असा की मत देणाऱ्याला लिहिता-वाचता आले पाहिजे.

‘बनगरवाडी’ या राज्यघटनेची कादंबरी नाही. तरी ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली की मेंढ्यांमागे जाणारी पोरे शाळेत आणू पाहणारा मास्तर निराळा दिसू लागतो. ज्या मुलखात साक्षरता ही मताधिकाराची अट ठरली, तिथे धनगरवाडीतली एकशिक्षकी शाळा म्हणजे नागरिक घडवण्याची जागा. मास्तराला हे ठाऊक असो वा नसो.

याच मातीतली आणखी एक गोष्ट इथे नोंदवतो. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत औंधच्या याच काळात, फ्रीडमन यांच्या कल्पनेतून सुरू झाली. शिक्षा झालेली माणसे तिथे भिंतीविना राहू लागली, शेती करू लागली. १९५७ साली आलेल्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची कथा या प्रयोगावरून सुचलेली, आणि ती लिहिणारे ग. दि. माडगूळकर म्हणजे व्यंकटेशांचे थोरले बंधू. एका घरातल्या दोन भावांनी, दोन वर्षांच्या अंतराने, एकच प्रश्न निरनिराळ्या माध्यमांत मांडला: धाकाने जे होत नाही ते विश्वासाने कसे होते? थोरल्याने त्याचे उत्तर आशेने दिले. धाकट्याचे उत्तर जास्त अवघड आहे.

२

मास्तर वाडीवर येतो तेव्हा शाळा नावापुरती आहे. पोरे मेंढरांमागे आहेत. त्याचे वय पाहून वाडीतल्या थोरांना तो मास्तर वाटतच नाही. कारभारी त्याला पारखून घेतो, दादू बालट्यासारखा माणूस त्याच्या वाटेत काटे पेरतो. हे सगळे कोणत्याही ग्रामसेवकाच्या अनुभवात बसेल. पुढे जे होते ते मात्र त्याच्या कामाच्या यादीत बसणारे नाही. मास्तर लोकांची पत्रे लिहितो आणि वाचून दाखवतो. बाजाराच्या गावाहून त्यांच्या वस्तू आणतो. भांडणात मध्ये पडतो. घरातल्या गोष्टी त्याच्या कानावर घातल्या जातात. आयबू त्याच्या सोबतीला राहतो. आनंदा रामोशासारखा, चोर म्हणून ओळखला जाणारा माणूसही त्याच्याशी स्वतःच्या रीतीने नाते जोडतो.

इथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. मास्तर वाडीचा विश्वास ‘संपादन’ करत नाही. विश्वास संपादन करणे हा विकासक्षेत्रातला लाडका शब्दप्रयोग. त्यात विश्वास ही पहिली पायरी असते, ती चढली की खरे काम सुरू. मास्तराच्या बाबतीत पत्र लिहिणे ही शाळेची पूर्वतयारी नाही, ते त्या दिवसाचे काम आहे. वाडी त्याला कामे सांगते, म्हणजेच त्याच्यावर हक्क सांगू लागते. नात्याची खूण ही. ज्याला आपण काम सांगू शकतो, ज्याच्यावर रागावू शकतो, ज्याचा संशय घेऊ शकतो, तो आपला.

संशयाची बाजू तर माडगूळकरांनी फार कठोरपणे दाखवली आहे. कारभाऱ्याची मुलगी अंजी चोळीचे काम मास्तराला सांगते. एवढ्याशा गोष्टीवरून कारभाऱ्याच्या मनात किल्मिष येते आणि ज्या म्हाताऱ्याच्या आधाराने मास्तराचे पाय वाडीत रोवले तोच दुरावतो. यशोगाथेत असा प्रसंग आला तर तो ‘सुरुवातीचा विरोध’ या सदरात जातो आणि दोन ओळींत मावळतो. इथे तो नाते जुळल्यानंतर, नाते जुळले म्हणूनच येतो. परक्या मास्तराकडे अंजीने चोळीचे काम सोपवले नसते. जवळीक हेच धोक्याचे कारण होते. माणसांच्या आधाराने काम करणाऱ्या प्रत्येकाला हे कळलेले असते, लिहिणारे थोडे.

रॉबर्ट चेंबर्स यांच्या १९८३च्या ग्रंथापासून ग्रामविकासाच्या जगात तज्ज्ञाने खाली बसावे, ऐकावे, गावकऱ्यांच्या हाती खडू द्यावा, असा विचार रुजला. आपल्याकडेही गावच्या चौकात रांगोळीने नकाशे काढले गेले, बियांच्या राशी मांडून प्राधान्यक्रम ठरले. विचार मोलाचाच होता. पुढे त्याची पद्धत झाली, पद्धतीचे प्रशिक्षण झाले, आणि तीन दिवसांत गावाचा सहभाग मिळवून देणारी पथके तयार झाली. २००१ साली बिल कुक आणि उमा कोठारी यांनी संपादित केलेल्या एका ग्रंथाने तर सहभाग ही नवी जुलूमशाही आहे का, असा प्रश्न शीर्षकातच विचारला. त्या ग्रंथातले युक्तिवाद इथे मांडायला नकोत. मला एवढेच म्हणायचे आहे की चौकात काढलेला नकाशा संध्याकाळी पुसला जातो. मास्तराने लिहून दिलेल्या पत्राचे उत्तर आले की ते वाचायला वाडी पुन्हा त्याच्याच दाराशी येते. पद्धत आणि नाते यांत फरक तो हा.

३

आता तालमीकडे येऊ. कादंबरीतला सर्वांत उजळ भाग हा. मास्तराच्या पुढाकाराने वाडीत तालीम बांधायचे ठरते. वाडी अंग मोडून राबते, इमारत उभी राहते आणि तिच्यासाठी खुद्द राजेसाहेब वाडीवर येतात. एरवी ज्यांच्या खिजगणतीत ही वस्ती नसावी, ते सत्ताधीश दारात येतात. वाडीला स्वतःच्या हातांचा अभिमान वाटतो.

हे वाचताना आनंद होतो आणि व्हावाच. पण समीक्षकाने आनंद ओसरल्यावर एक प्रश्न विचारायला हवा. तालीमच का?

माणदेश हा अवर्षणाचा मुलूख. वाडीचे जगणे मेंढरांवर, मेंढरांचे चाऱ्यावर आणि चाऱ्याचे पावसावर. अशा वस्तीने सगळे बळ एकवटून काय बांधावे? विहीर, तलावाचा बांध, चाऱ्याची बेगमी, असे काहीही मनात येईल. बांधली गेली ती तालीम. ती शिकलेल्या तरुण मास्तराच्या कल्पनेतली गरज आहे, आणि व्यायामाचा ध्यास घेतलेल्या राजाला ती आवडणार हे उघड आहे. वाडीचा सहभाग खरा आहे, घाम खरा आहे. परंतु तो बांधण्यातला सहभाग आहे. काय बांधायचे या विचाराचा उगम वाडीत झालेला नाही.

हे मी मास्तराला दोष देण्यासाठी म्हणत नाही. माडगूळकरही देत नाहीत. ते फक्त तालमीनंतर दुष्काळ आणतात. मेंढरे मरतात, माणसे जगायला बाहेर पडतात, वाडी ओस पडते, शेवटी मास्तरही निघतो. कादंबरीच्या रचनेत हे दोन भाग जवळजवळ आहेत आणि लेखक त्यांच्यामधला संबंध शब्दाने जोडत नाही. तो वाचकाने जोडायचा. ज्या हातांनी तालीम उभारली त्या हातांना दुष्काळ अडवता आला नाही, कारण एकजूट होती, पण पाण्यावर, चाऱ्यावर, जमिनीवर त्या एकजुटीचा काही अधिकार नव्हता.

‘वाडी हीच नायक’ या विधानाशी माझा मतभेद इथे होतो. ते विधान शोकान्ताला निसर्गाच्या माथी मारते: नायक होता, दैवाने घात केला. मी म्हणतो, कादंबरीचे मध्यवर्ती सूत्र मास्तर आणि वाडी यांचे नाते हे आहे, आणि शोकान्त त्या नात्याच्या अपुरेपणाचा आहे. नाते मिळाले, अधिकार मिळाला नाही.

४

अपुरेपणाची आणखी एक खूण कादंबरीत आहे. शेकूकडे औताला दोन बैल नाहीत. तेव्हा त्याची बायको दुसऱ्या बैलाच्या जागी जुवाला खांदा लावते. मराठी कादंबरीतले हे एक न विसरता येणारे चित्र आहे आणि सहसा कष्टाळू दांपत्याचे चित्र म्हणून ते वाखाणले जाते.

आपल्या खेड्यांत परस्परसाह्याला जुने शब्द आहेत. ज्याच्याकडे एकच बैल त्याने दुसऱ्या एकबैल्याशी जोडी जमवायची, तो वारंगुळा. अडलेल्याच्या शेतावर शेजाऱ्यांनी आपली औते घेऊन जायचे, त्याने सर्वांना जेवू घालायचे, ती इर्जिक. आळीपाळीने एकमेकांच्या रानात राबायचे, ती सावड. स्वयंसहाय्य हा शब्द कार्यालयात घडण्यापूर्वी ही व्यवस्था शेतात होती. मग शेकूच्या जुवावर बायकोचा खांदा का आला? कारण परस्परसाह्य हे बहुधा ज्याच्याकडे परत द्यायला काही आहे त्यालाच मिळते. ज्याच्याकडे नाही त्याचे ‘स्वावलंबन’ घरातल्या बाईच्या अंगावर पडते.

हे आजही संपलेले नाही. १९९२पासून बचत गट बँकांना जोडले गेले आणि महाराष्ट्रात लाखो स्त्रिया त्यांच्याद्वारे घराबाहेर पडल्या. त्यांनी बँकेत सह्या केल्या, सभेत बोलल्या, हे मोठेच स्थित्यंतर आहे. पण ज्या गटाच्या कर्जातून घरच्या पुरुषाची मोटारसायकल येते आणि हप्ता फेडायला बाई रोजंदारीवर जाते, त्या गटाची परतफेड शंभर टक्के दिसली तरी तिला स्वावलंबन म्हणता येईल का? तिथे पैशांच्या हिशेबात जू कुणाच्या खांद्यावर आहे ते दिसत नाही. माडगूळकरांना ते दिसले होते.

नात्यांवर भर देणाऱ्या विचाराने आणखी एका ठिकाणी अडखळायला हवे. गावातली नाती म्हणजे केवळ माया नव्हे. दया पवारांच्या आत्मकथनाचे ‘बलुतं’ हे नावच एका नात्याचे नाव आहे, आणि त्या नात्यात कोण देणारा, कोण मागणारा हे जन्माने ठरलेले होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याला राज्यरचनेचा पाया मानण्यास डॉ. आंबेडकरांनी कडाडून विरोध केला तो याच अनुभवातून. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा महाराष्ट्राला २०१६ साली करावा लागला, हे विसरून गावाच्या एकजुटीचे पोवाडे गाता येत नाहीत. वाळीत टाकणे हेही एकजुटीचेच काम असते.

म्हणून नात्यांच्या आधारे विकास म्हणताना, आहेत ती नाती वापरायची की बदलायची, हे ठरवावे लागते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०पासून जामखेडला जे केले त्याचे महत्त्व मला इथे वाटते. त्यांनी गावोगावच्या, बहुतेक निरक्षर, अनेकदा दलित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. सर्व जातींच्या स्त्रिया प्रशिक्षणाला एकत्र राहत, एकत्र जेवत. एरवी जिला उंबऱ्याबाहेर उभे करायचे, तिलाच बाळंतपणाच्या वेळी सवर्ण घरात बोलावणे येऊ लागले. नवजात बालक जगणे हा आरोग्याचा लाभ. घराचा उंबरा ओलांडला जाणे हे बदललेले नाते. दोन्ही एका वेळी घडले म्हणून ते टिकले.

५

‘बनगरवाडी’त जे अपुरे राहिले ते पूर्ण करू पाहणारे दोन प्रयोग मला कादंबरीच्या शेजारी ठेवून पाहावेसे वाटतात. पहिला दुष्काळातूनच जन्मला.

१९७२च्या दुष्काळानंतर अभियंते विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यातील नायगावला गेले. देवस्थानची सुमारे चाळीस एकर माळरान जमीन त्यांनी भाडेपट्ट्याने घेतली आणि पडणारे पाणी अडवून ती पिकवून दाखवली. हे काम म्हणजे त्यांची तालीम होती असे म्हणता येईल. बाहेरच्या शिकलेल्या माणसाची कल्पना, लोकांच्या डोळ्यांसमोर उभी केलेली. परंतु त्यांनी पुढे पाणी पंचायतीचे जे नियम घडवले त्यांनी गोष्टीचे वळण बदलले. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, घरातल्या माणसांच्या प्रमाणात. माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतके, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत विकला जाणार नाही. उसाला पाणी नाही. आणि योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभ घेणाऱ्यांनी स्वतः उभारायचा.

शेवटची अट पाहा. स्वावलंबन म्हणजे लोकांनी पैसे भरणे, एवढाच अर्थ पुढे सरकारी योजनांनी उचलला. लोकवर्गणीची टक्केवारी प्रत्येक योजनेत आली. माणशी पाणी आणि भूमिहीनाचा हक्क या अटी मात्र मागेच राहिल्या. जबाबदारीचा सहभाग घेतला, अधिकाराचा टाळला. आपल्या विकासविषयक मराठीतले ‘लोकसहभाग’ आणि ‘लाभार्थी’ हे दोन शब्द एकाच परिपत्रकात सुखाने नांदतात, ते म्हणूनच. खड्डा खणताना तो सहभागी, यादीत तो लाभार्थी. हक्कदार कुठेच नाही.

दुसरा प्रयोग गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातील मेंढा या गोंड गावाचा. तिथल्या कथेतही एक इमारत आहे. १९८०च्या दशकात गावाने आपल्या परंपरेतले घोटुल पुन्हा बांधायचे ठरवले आणि जंगलातले लाकूड आणले. वनखात्याने ते बेकायदा ठरवून काढून नेले. आसपासच्या गावांनी तेव्हा आपापल्या ठिकाणी घोटुल उभारून उत्तर दिले. तालीम आणि घोटुल, दोन्ही तरुणांच्या एकत्र येण्याच्या जागा, दोन्ही लोकांच्या श्रमाच्या. पण घोटुल गावाच्या आठवणीतून आले होते आणि त्याने गावाला थेट मालकीच्या प्रश्नावर आणून उभे केले. हे जंगल कुणाचे? तालमीसाठी राजा आला. घोटुलासाठी वनरक्षक आला. सत्तेचे हे दोन चेहरे पाहिले की कोणत्या कामाला अधिक धार होती ते कळते.

मेंढ्यातही बाहेरचा माणूस आहे. मोहन हिराबाई हिरालाल यांनी या गावाशी दशकानुदशके नाते ठेवले. गावातून देवाजी तोफा यांचे नेतृत्व पुढे आले. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा महाराष्ट्रभर पोहोचली. मला त्या घोषणेहून तिच्यामागची रचना अधिक महत्त्वाची वाटते. गावात अभ्यासगट असे. त्यात बाहेरचे जाणकार येत, माहिती देत, वाद घालत. निर्णय मात्र ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलायचा, पुन्हा बोलायचे. म्हणजे ज्याला माहिती आहे त्याला बोलायची जागा दिली आणि ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडून काढून घेतला. बनगरवाडीत या दोन्ही गोष्टी एकट्या मास्तराच्या ठायी एकवटल्या होत्या, त्याची इच्छा नसतानाही.

२००६च्या वनहक्क कायद्यानंतर मेंढ्याला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क कागदावर मिळाल्यावरही बांबू नेण्याचे परवाने वनखाते सोडेना. २०११ साली केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आल्यानंतर परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर बांबूचे उत्पन्न गावाच्या खात्यात जमा होऊ लागले. इथेही सत्ताधीश गावात आला. फरक असा की तो कौतुक करायला आला नव्हता, अडवून ठेवलेली वस्तू परत करायला आला होता.

६

या सगळ्याचा निष्कर्ष मी असा काढतो. परस्पर नात्यांवर उभा राहिलेला स्वावलंबनाचा विचार खरा आहे. पैसा आणि पद्धत यांनी जे होत नाही ते माणसाच्या सहवासाने होते, याची मराठीतली सर्वांत विश्वसनीय साक्ष ‘बनगरवाडी’च देते. पण तीच कादंबरी त्या विचाराची मर्यादाही सांगते. हक्काविना नाते लोकांना राबायला लावू शकते, दुष्काळात तारू शकत नाही. आणि नात्याविना हक्क मेंढ्याच्या परवान्यासारखा कपाटात अडकतो.

तेव्हा गावाची कोणतीही यशोगाथा हाती आली की मी तिला काही साधे प्रश्न विचारतो. काय करायचे हे कुणी ठरवले? ओझे कुणाच्या खांद्यावर पडले? ‘नाही’ म्हणणाऱ्याचे पुढे काय झाले? बाहेरचा माणूस निघून गेल्यावर गावाच्या हातात काय उरले? पहिल्या तीन प्रश्नांना टाळून चौथ्याचे उत्तर देणारी पुस्तके आपल्याकडे पुष्कळ आहेत. अनुदाने, पुरस्कार, छायाचित्रे यांच्या हिशेबात ती खोटी नसतात. ती अपुरी असतात.

साहित्याच्या अभ्यासकांनाही यात एक काम आहे, असे मला वाटते. ‘बनगरवाडी’ला आपण ग्रामीण साहित्याच्या दालनात बसवले आणि तिच्यात माती, बोली, निसर्ग शोधला. समाजकार्याच्या अभ्यासक्रमांनी ती कादंबरी म्हणून दूर ठेवली. परिणामी एकाने तिच्यातला विचार सोडला, दुसऱ्याने तिच्यातली माणसे. हे दोन्ही एकत्र वाचले तर शेवटाचा अर्थ बदलतो. वाडी सोडून जाणारा मास्तर मला पराभूत वाटत नाही. तो एका अशा कामाचा साक्षीदार आहे जे अर्ध्यावर थांबले, कारण त्याचा उरलेला अर्धा भाग त्याच्या हातचा नव्हता. तो भाग राजाच्या दप्तरात होता, महसुलाच्या नोंदीत होता, पाण्याच्या आणि कुरणांच्या मालकीत होता. मेंढ्याच्या माणसांनी नेमकी ती दप्तरे उघडायला लावली.

माणदेशात आज चळवळी आणि उपसा योजना यांमुळे काही भागांत पाणी आले आहे. तिथे आता दुष्काळ पूर्वीसारखा राहिला नाही, असे सांगतात ते आनंदाचे आहे. आलेले पाणी माणशी वाटायचे की जमिनीच्या प्रमाणात, मेंढपाळाला त्यात काही वाटा आहे की नाही, हे प्रश्न मात्र पाण्यासोबतच तिथे पोहोचले आहेत. त्यांचे उत्तर शोधताना कुणी ‘बनगरवाडी’ पुन्हा उघडली, तर तालमीच्या प्रकरणाशी थोडे थांबावे आणि बांधणाऱ्यांची नावे मोजावीत. मग ठरवणाऱ्यांची.